विंडोज सर्व्हर व नॉव्हेल क्लायंट यांतील स्थापना-संघर्ष

विंडोज सर्व्हर व नॉव्हेल क्लायंट यांतील स्थापना-संघर्ष म्हणजे मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या विंडोज एनटी घराण्यातील सर्व्हरवर नॉव्हेल कंपनीचे 'नॉव्हेल क्लायंट' हे सॉफ्टवेअर स्थापित केले असता, किंवा ते आधीपासून असलेल्या सर्व्हरवर दुसरे सर्व्हर सॉफ्टवेअर स्थापित केले असता उद्भवणारे बिघाड होत. हे संघर्ष मुख्यतः विंडोज एनटी ४.०, विंडोज २००० आणि विंडोज सर्व्हर २००३ या आवृत्त्यांच्या काळात आढळत. संगणकात प्रवेश न करता येणे, टर्मिनल सर्व्हरची सत्रे सुरू न होणे, सामायिक फोल्डर उघडण्यास फार वेळ लागणे आणि आधी चालू असलेली नेटवेअर जोडणी नाहीशी होणे ही त्यांची प्रमुख लक्षणे होत.

यांपैकी सर्वांत गंभीर संघर्षाचे मूळ विंडोजच्या रचनेत होते. संगणकात प्रवेश देणाऱ्या 'जीना' या घटकासाठी प्रणालीत एकच जागा राखून ठेवलेली होती आणि नॉव्हेल क्लायंटसह अनेक कंपन्यांची उत्पादने त्याच जागेवर आपला घटक बसवत असत. त्यामुळे कोणते सॉफ्टवेअर आधी स्थापित केले व कोणते नंतर, यावर सर्व्हर चालणे किंवा बंद पडणे अवलंबून असे. २००७ साली आलेल्या विंडोज व्हिस्टामध्ये ही रचना रद्द करण्यात आली.

## पार्श्वभूमी

नॉव्हेल या अमेरिकी कंपनीची नेटवेअर ही प्रणाली १९८० च्या दशकात बाजारात आली. संचिका व मुद्रक सामायिक वापरण्यासाठी कार्यालयीन जाळ्यांमध्ये तिचा मोठा प्रसार झाला. नेटवेअरचे सर्व्हर आयपीएक्स/एसपीएक्स या प्रोटोकॉलवर चालत आणि संचिकांच्या देवघेवीसाठी एनसीपी, म्हणजे नेटवेअर कोअर प्रोटोकॉल, वापरत. १९९३ साली आलेल्या नेटवेअर ४ मध्ये एनडीएस ही डिरेक्टरी सेवा समाविष्ट झाली. तिच्यामुळे प्रत्येक सर्व्हरवरील स्वतंत्र वापरकर्ता-यादीऐवजी संपूर्ण संस्थेची एकच यादी ठेवता येऊ लागली. पुढे या सेवेला ई-डिरेक्टरी असे नाव मिळाले. १९९८ च्या नेटवेअर ५ पासून नेटवेअर टीसीपी/आयपीवर थेट चालू लागले.

मायक्रोसॉफ्टने १९९३ साली विंडोज एनटी ३.१ आणि १९९६ साली विंडोज एनटी ४.० प्रसिद्ध केली. ज्या संस्थांमध्ये नेटवेअर आधीपासून होते, तेथे विंडोज एनटी सर्व्हर त्याच्या जोडीला आला. बराच काळ दोन्ही प्रणाली एकाच जाळ्यावर नांदत होत्या. एकाच कर्मचाऱ्याचे एक खाते एनडीएसमध्ये आणि दुसरे विंडोजच्या डोमेनमध्ये असे. दोन्हींचे परवलीचे शब्द वेगळे असू शकत.

नेटवेअरशी जोडणी करण्यासाठी मायक्रोसॉफ्टने स्वतःचे दोन घटक दिले होते. विंडोज एनटी वर्कस्टेशनमध्ये 'क्लायंट सर्व्हिस फॉर नेटवेअर' हा घटक होता, तर विंडोज एनटी सर्व्हरमध्ये 'गेटवे सर्व्हिस फॉर नेटवेअर' हा घटक होता. हे घटक सुरुवातीला केवळ जुन्या पद्धतीची, प्रत्येक सर्व्हरवरील वापरकर्ता-यादी ओळखत. एनडीएसचा आधार त्यांना विंडोज एनटी ४.० मध्ये मिळाला. एनडीएसच्या व्यवस्थापनासाठी लागणारी नॉव्हेलची साधने मात्र नॉव्हेलच्याच क्लायंटवर चालत. त्यामुळे अनेक संस्था मायक्रोसॉफ्टच्या घटकांऐवजी नॉव्हेलचा क्लायंट वापरत.

## सर्व्हरवर क्लायंटची आवश्यकता

क्लायंट हे नावाप्रमाणे वापरकर्त्याच्या संगणकावर बसवायचे सॉफ्टवेअर आहे. तरीही ते सर्व्हरवर बसवण्याची वेळ पुढील कारणांनी येई :

- टर्मिनल सर्व्हर : येथे अनेक वापरकर्ते दूरवरून एकाच सर्व्हरवर काम करतात. त्यांना नेटवेअरवरील संचिका हव्या असल्यास क्लायंट त्या सर्व्हरवरच असावा लागतो.
- प्रतसाठा : विंडोजवर चालणाऱ्या प्रतसाठा (बॅकअप) सॉफ्टवेअरला नेटवेअरवरील विदेची प्रत घेण्यासाठी नेटवेअरशी जोडणी आवश्यक असे.
- व्यवस्थापन : एनडीएसमधील खाती सर्व्हरच्या पडद्यावरूनच हाताळण्याची प्रशासकांची सोय.
- स्थलांतर : नेटवेअरमधून विंडोजमध्ये जाण्यासाठी मायक्रोसॉफ्टने 'सर्व्हिसेस फॉर नेटवेअर ५.०' हा संच दिला होता. त्यातील डिरेक्टरी समक्रमण सेवा विंडोज २००० च्या डोमेन कंट्रोलरवर चालत असे आणि तिच्यासाठी त्याच सर्व्हरवर नॉव्हेल क्लायंट असणे आवश्यक होते.

शेवटच्या कारणामुळे एक विलक्षण परिस्थिती निर्माण होई. नेटवेअरचा त्याग करू पाहणाऱ्या संस्थेलाही आपल्या सर्वांत महत्त्वाच्या विंडोज सर्व्हरवर आधी नॉव्हेलचा क्लायंट बसवावा लागे.

## प्रवेश-घटकाची रचना

विंडोज एनटी घराण्यात संगणक सुरू झाल्यावर 'विनलॉगऑन' ही प्रक्रिया प्रवेशाची व्यवस्था पाहते. कंट्रोल, ऑल्ट व डिलीट या तीन कळा एकत्र दाबल्याचा संकेत तिच्याकडेच येतो. परंतु परवलीचा शब्द विचारणारी चौकट दाखवणे, तो तपासण्यासाठी पुढे पाठवणे, संगणक कुलूपबंद करणे व उघडणे ही कामे विनलॉगऑन स्वतः करत नसे. त्यासाठी ती 'जीना' नावाची डीएलएल संचिका स्मृतीत चढवत असे. 'ग्राफिकल आयडेंटिफिकेशन अँड ऑथेंटिकेशन' या शब्दांवरून हे नाव बनले आहे. मायक्रोसॉफ्टच्या मूळ जीनाचे नाव 'एमएसजीना.डीएलएल' असे होते.

ही रचना हेतुपुरस्सर होती. स्मार्टकार्ड, बोटांचे ठसे किंवा दुसऱ्या कंपनीची डिरेक्टरी यांच्या आधारे प्रवेश द्यायचा असल्यास त्या कंपनीने स्वतःची जीना लिहावी, अशी योजना होती. कोणती जीना वापरायची हे रजिस्ट्रीतील सॉफ्टवेअर विभागात, विनलॉगऑनच्या नोंदीखालील 'जीनाडीएलएल' या मूल्यावरून ठरे. हे मूल्य नसल्यास एमएसजीना वापरली जाई. मूल्य असल्यास त्यात लिहिलेली संचिका वापरली जाई. या मूल्यात एकच नाव मावत असे.

### बदली जीना

पुढील उत्पादने स्वतःची जीना बसवत असत :

- एनडब्ल्यूजीना.डीएलएल : नॉव्हेल क्लायंट. एकाच चौकटीतून एनडीएस व विंडोज या दोन्हींमध्ये प्रवेश.
- सीटीएक्सजीना.डीएलएल : सिट्रिक्स मेटाफ्रेम. दूरवरील सत्रांचा प्रवेश.
- एडब्ल्यूजीना.डीएलएल : सिमँटेकचे पीसीएनीव्हेअर. दूरनियंत्रण.
- सीएसजीना.डीएलएल : सिस्को व्हीपीएन क्लायंट. विंडोजमध्ये प्रवेश करण्यापूर्वी व्हीपीएनची जोडणी.

### जीनांची साखळी

दोन उत्पादनांना एकत्र नांदता यावे म्हणून साखळीची पद्धत रूढ झाली. नवी जीना आपले नाव रजिस्ट्रीतील त्या मूल्यात लिहिते, पूर्वीचे नाव आपल्या वेगळ्या नोंदीत जपून ठेवते आणि स्वतःचे काम झाल्यावर पुढचे काम पूर्वीच्या जीनेकडे सोपवते. ही पद्धत प्रत्येक कंपनीने आपापल्या परीने राबवली होती. साखळीतील घटकांची नोंद ठेवणारी कोणतीही सामाईक यादी विंडोजमध्ये नव्हती. एखाद्या जीनेने मागील नाव जपून ठेवले नाही, तर तिच्यामागचे उत्पादन कोणतीही सूचना न देता निकामी होई.

## संघर्षाचे प्रकार

### प्रवेश पूर्णपणे बंद होणे

जीनाडीएलएल या मूल्यात नाव आहे, पण त्या नावाची संचिका डिस्कवर नाही किंवा ती चढवता येत नाही, अशी स्थिती सर्वांत धोक्याची असे. विनलॉगऑन अशा वेळी आपणहून एमएसजीनाकडे वळत नसे. प्रवेशाचा घटक चढवता आला नाही, प्रशासकाशी संपर्क साधावा, अशा आशयाचा संदेश पडद्यावर येई आणि संगणक पुन्हा सुरू करण्याखेरीज पर्याय राहत नसे. पुन्हा सुरू केल्यावर तोच संदेश येई. प्रशासकाला परवलीचा शब्द ठाऊक असूनही तो टंकण्याची चौकटच उपलब्ध नसे.

ही स्थिती प्रामुख्याने तीन प्रकारे निर्माण होई. पहिला प्रकार म्हणजे क्लायंटची स्थापना अर्धवट राहणे. दुसरा प्रकार म्हणजे क्लायंट काढून टाकण्याची अधिकृत पद्धत न वापरता त्याच्या संचिका हाताने पुसणे. तिसरा प्रकार साखळीचा होता : 'अ' हे उत्पादन आधी आणि 'ब' नंतर स्थापित केले असता 'ब'च्या नोंदीत 'अ'चे नाव राहते. मग 'अ' आधी काढून टाकले, तर 'ब' अस्तित्वात नसलेल्या संचिकेकडे काम सोपवू पाहते. याउलट 'अ'ने जाताना मूल्य जुन्या स्थितीत नेले, तर 'ब' डिस्कवर असूनही साखळीबाहेर पडते.

### टर्मिनल सर्व्हर व मेटाफ्रेम

टर्मिनल सर्व्हरवर प्रत्येक सत्रासाठी विनलॉगऑनची स्वतंत्र प्रत चालते आणि प्रत्येक प्रत आपली जीना चढवते. त्यामुळे सदोष जीनेचा परिणाम एका पडद्यापुरता मर्यादित न राहता त्या सर्व्हरवर काम करणाऱ्या सर्वांवर होई. एका संगणकावर एका वेळी एकच व्यक्ती असेल असे गृहीत धरून लिहिलेले क्लायंट-सॉफ्टवेअर अशा सर्व्हरवर विशेष अडचणीचे ठरे.

सिट्रिक्सचे मेटाफ्रेम आणि नॉव्हेल क्लायंट एकाच सर्व्हरवर हवे असल्यास नॉव्हेल क्लायंट आधी व मेटाफ्रेम नंतर स्थापित करावे, अशी शिफारस होती. या क्रमाने गेल्यास मेटाफ्रेम एनडब्ल्यूजीनाचे नाव आपल्या नोंदीत जपून ठेवी व साखळी जुळे. मेटाफ्रेम आधीपासून असल्यास प्रशासकाला रजिस्ट्रीत हाताने बदल करावे लागत. प्रथम जीनाडीएलएलचे मूल्य एमएसजीनाचे करायचे, मग नॉव्हेल क्लायंट स्थापित करायचा, परंतु संगणक लगेच पुन्हा सुरू करायचा नाही. त्यानंतर ते मूल्य पुन्हा सीटीएक्सजीनाचे करून, 'सीटीएक्सजीनाडीएलएल' या वेगळ्या मूल्यात एनडब्ल्यूजीनाचे नाव लिहायचे आणि मगच सर्व्हर पुन्हा सुरू करायचा, असा तो क्रम होता. मधली पायरी राहिल्यास वापरकर्त्यांची सत्रे जोडली जात नसत.

### दोन नेटवेअर क्लायंट

मायक्रोसॉफ्टची गेटवे सेवा आणि नॉव्हेल क्लायंट एका संगणकावर एकत्र राहू शकत नसत. गेटवे सेवेचे काम वेगळ्या स्वरूपाचे होते. ती नेटवेअरवरील फोल्डर विंडोज सर्व्हरच्या नावाने पुन्हा सामायिक करी. त्यामुळे ज्यांच्या संगणकावर नेटवेअरचा कोणताही क्लायंट नाही, अशा वापरकर्त्यांनाही त्या संचिका मिळत. त्यासाठी नेटवेअर सर्व्हरवर 'एनटीगेटवे' नावाचा गट व त्यात एक खाते असावे लागे.

प्रशासकाने व्यवस्थापनाच्या सोयीसाठी अशा सर्व्हरवर नॉव्हेल क्लायंट चढवल्यास गेटवे सेवा काढून टाकली जाई. त्या सर्व्हरपुढे बसलेल्या प्रशासकाला नेटवेअर नीट दिसत राही, मात्र गेटवेवर अवलंबून असलेल्या सर्व वापरकर्त्यांचे फोल्डर नाहीसे होत. बिघाड एका ठिकाणी आणि त्याचे लक्षण दुसऱ्या ठिकाणी असल्याने असे प्रसंग ओळखणे कठीण जाई. विंडोज सर्व्हर २००३ मध्ये गेटवे सेवा समाविष्ट नव्हती. त्यामुळे जुन्या सर्व्हरची आवृत्ती वाढवतानाही हाच प्रश्न उभा राही.

### पुरवठादारांचा क्रम व विलंब

विंडोजमध्ये एकापेक्षा अधिक जाळे-पुरवठादार असू शकतात. मायक्रोसॉफ्टच्या जाळ्यासाठी एक, नेटवेअरसाठी दुसरा व टर्मिनल सेवेसाठी तिसरा, अशी ही रचना आहे. सामायिक फोल्डरचा पत्ता मिळाल्यावर तो कोणाच्या अखत्यारीतला आहे हे ठरवण्यासाठी प्रणाली या पुरवठादारांना विचारणा करते. विचारण्याचा क्रम रजिस्ट्रीतील 'प्रोव्हायडरऑर्डर' या मूल्यात असतो.

नॉव्हेलचा पुरवठादार पहिल्या क्रमांकावर असल्यास विंडोज सर्व्हरवरील साधा फोल्डर उघडतानाही त्या नावाचा नेटवेअर सर्व्हर जाळ्यावर शोधला जाई. तसा सर्व्हर नसल्याने उत्तर येत नसे आणि वाट पाहण्याची मुदत संपेपर्यंत वापरकर्त्याचे काम अडून राही. येथे काहीही बंद पडत नाही व चुकीचा संदेशही येत नाही. म्हणून असा विलंब बहुधा सर्व्हरच्या किंवा जाळ्याच्या कमी क्षमतेच्या माथी मारला जाई.

### आयपीएक्सचा फ्रेम प्रकार

नेटवेअरच्या जुन्या आवृत्त्या इथरनेटवर ८०२.३ या प्रकारची फ्रेम वापरत, तर नेटवेअर ३.१२ व ४ पासून ८०२.२ ही फ्रेम प्रमाण मानली गेली. मायक्रोसॉफ्टचा एनडब्ल्यूलिंक हा आयपीएक्स घटक फ्रेमचा प्रकार आपोआप ओळखण्याचा प्रयत्न करी. मात्र जाळ्यावर दोन्ही प्रकार असल्यास तो ८०२.२ निवडे. परिणामी नवे नेटवेअर सर्व्हर दिसत व जुने दिसत नसत. नॉव्हेल क्लायंट विंडोज एनटीवर आयपीएक्ससाठी याच एनडब्ल्यूलिंकचा आधार घेत असल्याने हा दोष पुष्कळदा क्लायंटचा समजला जाई. याशिवाय आयपीएक्सवर सेवा देणाऱ्या प्रत्येक सर्व्हरला स्वतःचा अंतर्गत जाळे-क्रमांक लागतो. दोन सर्व्हरांना एकच क्रमांक दिला गेल्यास दोन्हींच्या जोडण्या अनियमितपणे तुटत.

## निदान

या संघर्षांचे निदान करताना बिघाड प्रवेशाच्या टप्प्यावर आहे, जोडणीच्या टप्प्यावर आहे की प्रोटोकॉलच्या पातळीवर आहे, हे आधी वेगळे केले जाते. नॉव्हेलच्या प्रवेश-चौकटीत 'वर्कस्टेशन ओन्ली' असा पर्याय होता. तो निवडल्यास एनडीएसला वगळून केवळ विंडोजमध्ये प्रवेश होई. या पर्यायाने प्रवेश सुरळीत झाला, तर जीनांची साखळी शाबूत असून दोष एनडीएसशी होणाऱ्या जोडणीत आहे, असा निष्कर्ष काढता येई. या पर्यायानेही प्रवेश न झाल्यास लक्ष साखळीकडे वळवले जाई.

त्यानंतरची तपासणी साधारणपणे पुढील क्रमाने होई :

1. जीनाडीएलएल या मूल्यात कोणते नाव आहे आणि त्या नावाची संचिका प्रणालीच्या फोल्डरमध्ये आहे का, हे पाहणे.
2. ती जीना पुढे कोणाकडे काम सोपवते, ते तिच्या स्वतःच्या नोंदीतून शोधणे व साखळी शेवटच्या कडीपर्यंत तपासणे.
3. जाळे-पुरवठादारांची यादी व क्रम पाहणे. काढून टाकलेल्या उत्पादनाचे नाव यादीत शिल्लक राहिले असल्यास त्याची नोंद घेणे.
4. आयपीएक्स वापरात असल्यास 'आयपीएक्सरूट कॉन्फिग' या आदेशाने प्रत्येक जोडणीचा फ्रेम प्रकार व जाळे-क्रमांक पाहणे.
5. टीसीपी/आयपी वापरात असल्यास एनसीपीसाठी ५२४ व सेवा-शोधाच्या एसएलपी प्रोटोकॉलसाठी ४२७ हे पोर्ट अग्निभिंतीत खुले आहेत का, हे पाहणे.
6. घटना-नोंदवहीत सेवा सुरू न झाल्याच्या नोंदी आहेत का, हे पाहणे.

सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर आपोआप प्रवेश होण्याची व्यवस्था केलेली असल्यास आणखी एक गोष्ट तपासावी लागे. स्वयंप्रवेशाचे काम जीनाच करते. एनडब्ल्यूजीना त्यासाठी विंडोजच्या मूल्यांबरोबर नॉव्हेलच्या स्वतंत्र नोंदीही पाहत असे. क्लायंट बसवल्यानंतर केवळ विंडोजची मूल्ये भरलेली असल्यास सर्व्हर प्रवेश-चौकटीवर थांबून राही.

## दुरुस्ती

### प्रवेश बंद झाल्यास

जीना चढत नसल्यामुळे प्रवेश बंद झाला असता सर्वप्रथम 'लास्ट नोन गुड' हा पर्याय वापरण्याकडे कल असे. या पर्यायाचा येथे उपयोग होत नाही. तो रजिस्ट्रीच्या सिस्टम विभागातील नियंत्रण-संच मागील स्थितीत नेतो, तर जीनाडीएलएल हे मूल्य सॉफ्टवेअर विभागात असते.

उपयोगी पडणारे मार्ग पुढीलप्रमाणे होते :

- दूरवरून रजिस्ट्री उघडणे : प्रवेश-चौकट दिसत नसली तरी सर्व्हरच्या जाळे-सेवा पुष्कळदा चालू असत. अशा वेळी त्याच डोमेनमधील दुसऱ्या संगणकावरून प्रशासकाच्या अधिकाराने रजिस्ट्री उघडून जीनाडीएलएल हे मूल्य काढून टाकले जाई. पुढील वेळी सर्व्हर सुरू झाल्यावर एमएसजीना वापरली जाई.
- रिकव्हरी कन्सोल : विंडोज २००० व त्यानंतरच्या आवृत्त्यांत स्थापना-सीडीवरून ही सुविधा उघडता येई. तिच्यातून एमएसजीनाची एक प्रत करून तिला हरवलेल्या संचिकेचे नाव देण्याचा उपाय केला जाई. विनलॉगऑन केवळ नाव पाहत असल्याने त्या नावाखाली मूळ जीनाच चढे.
- समांतर स्थापना : विंडोज एनटी ४.० मध्ये रिकव्हरी कन्सोल नव्हते. तेथे दुसऱ्या फोल्डरमध्ये विंडोजची नवी प्रत स्थापित करून तिच्यातून मूळ प्रतीची रजिस्ट्री दुरुस्त केली जाई.

हे सर्व मार्ग खुले राहण्याचे कारण एकच होते. बदली जीना मूळ संचिका पुसत नाही, केवळ रजिस्ट्रीतील नाव बदलते. त्यामुळे एमएसजीना डिस्कवर कायम राही.

### इतर संघर्ष

पुरवठादारांचा क्रम जाळे-जोडण्यांच्या 'ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज' या चौकटीतून बदलता येई. ज्या सर्व्हरवर नेटवेअरचा वापर क्वचित होतो, तेथे मायक्रोसॉफ्टचा पुरवठादार पहिल्या क्रमांकावर ठेवला जाई. क्लायंटच्या गुणधर्मांतून, नाव शोधण्याच्या वापरात नसलेल्या पद्धती बंद केल्या असता विलंब आणखी कमी होई. फ्रेमचा प्रकार आपोआप ओळखू न देता हाताने नेमून दिल्यास व अंतर्गत जाळे-क्रमांक प्रत्येक सर्व्हरला वेगळा दिल्यास आयपीएक्सच्या पातळीवरील दोष दूर होत. गेटवे सेवा गमावलेल्या सर्व्हरवर नॉव्हेल क्लायंट काढून ती सेवा पुन्हा स्थापित करणे किंवा क्लायंटची आवश्यकता असलेले काम दुसऱ्या संगणकावर हलवणे हे दोनच पर्याय राहत.

## प्रतिबंधक उपाय

अनुभवातून पुढील प्रथा रूढ झाल्या :

- स्थापनेचा क्रम लिहून ठेवणे आणि उत्पादने काढताना तो उलट वापरणे. जे शेवटी आले ते प्रथम काढले की साखळी तुटत नाही.
- प्रत्येक स्थापनेपूर्वी विनलॉगऑनच्या नोंदीची प्रत घेणे. तिच्यामुळे आधी कोणती जीना होती हे निश्चित कळते.
- बदल केल्यावर सर्व्हर पुन्हा सुरू करण्यापूर्वी दुसऱ्या संगणकावरून त्याची रजिस्ट्री उघडते का, याची खात्री करणे. प्रवेश-घटक सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावरच नव्याने चढत असल्याने चूक तोपर्यंत दडून राहते.
- डोमेन कंट्रोलरवर आवश्यकता नसल्यास कोणताही बाहेरचा क्लायंट न बसवणे. व्यवस्थापनाची साधने प्रशासकाच्या स्वतःच्या संगणकावर ठेवणे.
- विंडोजची आवृत्ती वाढवण्यापूर्वी नव्या आवृत्तीशी सुसंगत क्लायंट उपलब्ध आहे का ते पाहणे व नसल्यास जुना क्लायंट आधी काढून टाकणे.

## सुरक्षाविषयक बाजू

जीना वापरकर्त्याचा परवलीचा शब्द साध्या स्वरूपात हाताळते. या कारणाने परवलीचे शब्द चोरणाऱ्या घातक सॉफ्टवेअरनेही हीच जागा वापरली. अशी बनावट जीना मूळ जीनेकडे सर्व काम सोपवत असल्याने वापरकर्त्याला फरक जाणवत नसे. म्हणून जीनाडीएलएल या मूल्यात अपरिचित नाव आढळल्यास ते बिघाडाचे कारण असण्याबरोबरच घुसखोरीचा पुरावाही असू शकते. नाव लगेच पुसून टाकण्याऐवजी ती संचिका कोणत्या उत्पादनाची आहे हे आधी ठरवणे इष्ट मानले जाई.

विंडोज एक्सपीमध्ये बदली जीना बसल्यावर स्वागत-पडदा व वापरकर्ता झटपट बदलण्याची सोय बंद होई. ती पुन्हा सुरू करू पाहणाऱ्याला दाखवल्या जाणाऱ्या संदेशात संबंधित संचिकेचे नाव दिलेले असे. सामान्य वापरकर्त्याला जीनेचे अस्तित्व कळण्याचा हा बहुधा एकमेव प्रसंग होता.

## नंतरच्या घडामोडी

विंडोज व्हिस्टा (२००७) व विंडोज सर्व्हर २००८ यांमध्ये जीनाची रचना काढून टाकण्यात आली. तिच्या जागी 'क्रेडेन्शियल प्रोव्हायडर' ही रचना आली. या रचनेत प्रवेश-चौकट विंडोजची स्वतःची असते. वेगवेगळी उत्पादने तिच्यात आपापला पर्याय जोडतात व ते सर्व शेजारी शेजारी दिसतात. एकाच जागेसाठीची स्पर्धा त्यामुळे संपली. जुन्या जीना संचिका या आवृत्त्यांत चढतच नसल्याने सर्वच कंपन्यांना आपली उत्पादने नव्याने लिहावी लागली. नॉव्हेलनेही व्हिस्टा व त्यानंतरच्या आवृत्त्यांसाठी वेगळा क्लायंट तयार केला.

नव्या रचनेतही संघर्षाची शक्यता पूर्णपणे गेलेली नाही. एखादे उत्पादन गाळणी बसवून इतरांचे पर्याय लपवू शकते. जाळे-पुरवठादारांचा क्रम ही बाब तर आजही अस्तित्वात आहे. मात्र एका उत्पादनाची संचिका हरवल्यास इतर पर्याय उपलब्ध राहतात. त्यामुळे जीनेच्या काळाप्रमाणे संपूर्ण सर्व्हरचे दार सहसा बंद होत नाही.

व्हिस्टामध्ये मायक्रोसॉफ्टची नेटवेअर क्लायंट सेवाही वगळण्यात आली. नॉव्हेल कंपनी २०११ साली अटॅचमेट समूहाकडे, २०१४ साली मायक्रो फोकसकडे व २०२३ साली ओपनटेक्स्टकडे गेली. नॉव्हेल क्लायंटचा वारसा 'क्लायंट फॉर ओपन एंटरप्राइज सर्व्हर' या उत्पादनाने पुढे चालवला. विंडोज सर्व्हर २००३ चा आधार १४ जुलै २०१५ रोजी संपला. जीना वापरणारी ती शेवटची सर्व्हर आवृत्ती होती.

## हे सुद्धा पहा

- नेटवेअर
- ई-डिरेक्टरी
- विंडोज एनटी
- ॲक्टिव्ह डिरेक्टरी
- डायनॅमिक-लिंक लायब्ररी
- टर्मिनल सर्व्हर